निवडणुकीचा वाद : नवा आयोग की न्यायाला मुदत?



डोणगावच्या मतदाराला ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत अनेक वेळा मतदानाचा अधिकार बजावावा लागतो. त्या प्रत्येक निवडणुकीत निकालाविषयी वाद उपस्थित झाला, तर दाद कोठे मागायची हेही कायद्याने ठरवून दिले आहे. ग्रामपंचायतीचा निकाल लागल्यापासून पंधरा दिवसांच्या आत उमेदवाराला किंवा मतदाराला दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या पंधराव्या कलमात ही तरतूद आहे. विधानसभा किंवा लोकसभेचा वाद असेल तर निवडणूक याचिका उच्च न्यायालयापुढे, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यासाठी नागपूर खंडपीठापुढे, ४५ दिवसांच्या आत दाखल करावी लागते. मार्ग आहे, परंतु तो बहुतांश मतदारांना ठाऊक नसतो, आणि जे त्या मार्गाने जातात त्यांना मुक्कामाला कधी पोहोचू याची शाश्वती नसते.

म्हणूनच न्यायालये बाजूला ठेवून निवडणूक वादांसाठी एखादा विशेष आयोग नेमावा, असा विचार वेळोवेळी पुढे येतो. तो टाकाऊ नाही. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली, उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश आणि निवडणुकांचा अनुभव असलेला एक ज्येष्ठ अधिकारी यांची विभागीय न्यायाधिकरणे स्थापन करावीत, अशी शिफारस केली होती. सहा महिन्यांत निर्णय हा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगला आहे. प्रश्न एवढाच, की या उपायाने तो साध्य होईल काय?

याचे उत्तर देशाच्या अनुभवात आहे, आणि विदर्भाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. मूळ राज्यघटनेच्या ३२४व्या अनुच्छेदात निवडणूक न्यायाधिकरणे नेमण्याचा अधिकार निवडणूक आयोगालाच दिलेला होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे वाद अशाच न्यायाधिकरणांपुढे चालले. त्या वेळी बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याच राज्यातील होशंगाबाद मतदारसंघात घटना समितीचे सदस्य राहिलेले हरि विष्णू कामत १७४ मतांनी पराभूत झाले. चुकीच्या खुणेच्या ३०१ मतपत्रिका मोजल्या गेल्या होत्या, हा त्यांचा आक्षेप होता. न्यायाधिकरणाने याचिका फेटाळली. कायद्याने न्यायाधिकरणाचा निर्णय अंतिम ठरविला होता. तरीही प्रकरण नागपूर उच्च न्यायालयात गेले आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरविली आणि १९५५च्या पोटनिवडणुकीत कामत विजयी झाले. 'अंतिम' हा शब्द कायद्यात लिहिल्याने वाद अंतिम होत नाही. उच्च न्यायालयाचा घटनादत्त अधिकार तेथे उभाच राहतो, हा त्या निर्णयाचा बोध होता.

पुढे १९५६च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपिलाची सोय झाली. त्यामुळे न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या झाल्या. अखेर तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात खुद्द निवडणूक आयोगानेच न्यायाधिकरणे बंद करण्याची शिफारस केली. १९६६च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने ती बंद झाली आणि याचिका थेट उच्च न्यायालयात जाऊ लागल्या. जी पायरी देशाने अनुभवाने काढून टाकली, ती पुन्हा बांधण्यापूर्वी दहा वेळा विचार केला पाहिजे. शिवाय न्यायाधिकरणांचे निर्णय उच्च न्यायालयाच्या छाननीपासून मुक्त ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे नवे न्यायाधिकरण आले तरी जुनी पायरी हटणार नाही; एक वाढेल मात्र.

विलंबाचे मूळ तरी कोठे आहे? महाराष्ट्रातील दोन प्रसिद्ध खटले पाहावेत. विलेपार्ले येथील डिसेंबर १९८७च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू विजयी झाले. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल १९८९मध्ये, म्हणजे सुमारे सोळा महिन्यांत, ती निवडणूक रद्द ठरविली. त्यावरील अपिलाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ११ डिसेंबर १९९५ रोजी. तोपर्यंत ती विधानसभा संपून पाच वर्षे लोटली होती. मनोहर जोशी यांची १९९०ची दादरमधील निवड उच्च न्यायालयाने रद्द केली आणि त्याच ११ डिसेंबर १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. त्या वेळी ती विधानसभाही संपली होती आणि जोशी नव्या विधानसभेच्या बळावर मुख्यमंत्रिपदी होते. या दोन निकालांची चर्चा 'हिंदुत्व' शब्दाच्या अर्थामुळे देशभर झाली. परंतु एकाला रद्द झालेली जागा गमावण्याची वेळच आली नाही आणि दुसऱ्याला मिळालेला न्याय त्या जागेच्या उपयोगी पडला नाही, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पहिल्या खटल्यात सर्वाधिक काळ गेला तो अपिलात. पहिल्या पायरीवर नवा आयोग बसवून वरच्या पायरीवरील विलंब कसा दूर होणार?

याहून गंभीर प्रश्न नेमणुकीचा आहे. आयोग कोण नेमणार? अमेरिकेत १८७६च्या अध्यक्षीय निवडणुकीत निर्वाचक मंडळाच्या वीस मतांचा वाद झाला, तेव्हा पंधरा जणांचा विशेष आयोग नेमण्यात आला. पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती. पक्षनिरपेक्ष मानले गेलेले न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस सिनेटवर निवडून गेल्याने त्यांच्या जागी दुसरे न्यायमूर्ती आले. प्रत्येक वादग्रस्त प्रश्नावर आठ विरुद्ध सात असा कौल पडला आणि तो पक्षांच्या रेषेवरच पडला. हेस १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने अध्यक्ष झाले. वाद मिटला, पण पराभूत पक्षाच्या मनातील शल्य गेले नाही. वाद उद्भवल्यानंतर नेमलेला पंच कितीही विद्वान असला, तरी त्याच्याकडे दोन्ही बाजू संशयानेच पाहतात.

भारतानेही या वाटेचे दर्शन घेतले आहे. इंदिरा गांधी यांच्या १९७१च्या निवडीविरुद्ध राजनारायण यांनी दाखल केलेल्या याचिकेवर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जून १९७५ रोजी निकाल दिला. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५मध्ये, एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. पंतप्रधान आणि लोकसभाध्यक्ष यांच्या निवडणुकीचे वाद न्यायालयाकडे न जाता संसद ठरवील त्या वेगळ्या प्राधिकरणाकडे जावेत, अशी तजवीज तिच्यात होती. शिवाय चालू खटलाच निकालात काढणारे एक उपकलमही होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे निवड कायम ठेवली, पण ते उपकलम रद्द केले. उरलेली तरतूद १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने गेली. आणीबाणीचा तुरुंगवास ज्या घरांनी सोसला, त्यांना न्यायालयाबाहेरचे 'वेगळे प्राधिकरण' म्हणजे काय होऊ शकते हे निराळे सांगावे लागत नाही. आज ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्यावर विश्वास आहे म्हणून असा अधिकार निर्माण करणे हे शहाणपण नव्हे. तो उद्या कोणाच्या हाती जाईल याचा विचार करूनच संस्था उभारायच्या असतात.

मग उपाय कोणता? उपाय आहे तो आहे त्या न्यायपीठाला मुदतीने बांधण्याचा. लोकप्रतिनिधित्व कायदा सहा महिन्यांत सुनावणी संपविण्याचा आणि तीन महिन्यांत अपील निकाली काढण्याचा 'प्रयत्न करावा' असे म्हणतो. 'प्रयत्न' या शब्दातच पळवाट आहे. केनियाच्या घटनेत अध्यक्षीय निवडणुकीच्या याचिकेला चौदा दिवसांची बंधनकारक मुदत आहे, आणि तिच्याच आत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०१७ रोजी अध्यक्षांची निवडणूक रद्द केली. न्यायमूर्ती वेंकटचलय्या आयोगाने २००२मध्ये आणि विधी आयोगाने २०१५च्या आपल्या २५५व्या अहवालात, प्रत्येक उच्च न्यायालयात केवळ निवडणूक याचिकांसाठी स्वतंत्र पीठ असावे, असे सुचविले आहे. नवी संस्था नको, नवी नेमणूक नको. त्या काळात त्या न्यायाधीशांकडे दुसरे काम नको, इतकेच. हे अशक्य नाही. वायव्य मुंबईत २०२४ साली रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी विजयी झाले. त्याविरुद्ध अमोल कीर्तिकर यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्राथमिक टप्प्यावर फेटाळली. निकाल कोणाला रुचो अथवा न रुचो, उत्तर सहा महिन्यांच्या आत मिळाले.

त्या याचिकेत ठोस तथ्यांचा अभाव न्यायालयाला दिसला, आणि येथे कार्यकर्त्याचे कर्तव्य सुरू होते. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी २०२४ साली मतपत्रिकांवर स्वतःच फेरमतदान घेण्याचे ठरविले होते. प्रशासनाने ते होऊ दिले नाही. शंका घेणे हा नागरिकाचा अधिकार आहे, परंतु शंकेचे पुराव्यात रूपांतर करण्याची जागा गावचा चौक नव्हे. मतदान संपताच केंद्राध्यक्षाकडून १७-सी नमुन्याची प्रत घेणे, तिच्यातील आकडा मोजणीच्या आकड्याशी ताडणे, आक्षेप त्याच क्षणी लेखी नोंदविणे, ही मतदान प्रतिनिधीची कामे आहेत. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांच्या आत शुल्क भरून पाच टक्के मतदानयंत्रांच्या तपासणीची मागणी करता येते, हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४च्या निर्णयाने मिळाला आहे. ज्याच्याकडे कागद नाही त्याला आयोगही न्याय देऊ शकत नाही आणि न्यायालयही.

निवडणुकीचा खरा कस विजेत्याच्या मिरवणुकीत लागत नाही. पराभूत पक्ष निकाल मनापासून मान्य करतो की नाही, यात लागतो. तो मान्य व्हावा यासाठी पंच आधीपासून ठरलेला हवा, तो सत्तेच्या नेमणुकीवर अवलंबून नसावा, आणि ज्या सभागृहाच्या जागेचा वाद आहे ते सभागृह अस्तित्वात असतानाच त्याचा निर्णय यावा. पहिल्या दोन गोष्टी राज्यघटनेने आपल्याला दिल्या आहेत. तिसरी मिळविण्यासाठी 'प्रयत्न करावा' या शब्दांच्या जागी 'निर्णय द्यावा' एवढे दोन शब्द कायद्यात यावे लागतील. आपल्या खासदाराकडे आणि आमदाराकडे मागणी करायची तर ती याची करावी.