रंगाखालचा पहिला हात

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये एका रस्त्याला चाफ्याचे नाव आहे आणि दुसऱ्याला कडुनिंबाचे. संपिगे रोड आणि मार्गोसा रोड. 1898 च्या प्लेगनंतर वाढलेल्या या वस्तीला काडू मल्लेश्वराच्या देवळाने नाव दिले. ते देऊळ व्यंकोजीराजे भोसले यांच्या नावाशी जोडलेले असल्यामुळे मराठी माणसाला ही वस्ती अगदीच परकी वाटत नाही. येथील झाडांची सावली वाटसरूला सुखाची. तिच्याखाली रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या मोटारीला मात्र ती तितकीशी मानवत नाही. गळालेली पाने आणि मोहोर पुढच्या काचेखालच्या पन्हळीत साचतात, पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजतात आणि कुजलेला पाला ओल्या बोळ्यासारखा दिवसचे दिवस पत्र्याला चिकटून राहतो. बंगळूरला समुद्र नाही, मुंबई-कोकणची खारी हवा नाही. तरीही तेथले पत्रे गंजतात, ते असे.

गंज डोळ्यांना दिसतो तेव्हा तो जुना झालेला असतो. मडगार्डच्या कडेला रंगाचा एक फोड येतो, नखाने टोचला की तांबूस पूड हाताला लागते. मग गाडी डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात जाते. तेथे मालकाचे प्रश्न बहुधा दोनच असतात: रंग जुळेल ना, आणि गाडी कधी मिळेल? पत्र्यावर पहिला हात कशाचा देणार, हे विचारणारा विरळा. जे कोणी विचारत नाही, त्यातच काटकसर होते. गंज वरवर खरवडायचा, पुट्टी भरायची, रंग मारायचा. दिवाळीला गाडी झळकते आणि एक-दोन पावसाळ्यांनी तोच फोड त्याच जागी पुन्हा उभा राहतो. दोष रंगाऱ्याला दिला जातो. पण भावाची घासाघीस करून त्याच्याकडून केवळ चकाकी विकत घेणारा मालकही त्यात वाटेकरी असतोच.

हा पहिला हात इपॉक्सी प्रायमरचा असावा, असे जाणकार कारागीर सांगतात, त्यामागे पक्के कारण आहे. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात. नेहमीचा स्वस्त प्रायमर थिनर उडून गेल्यावर नुसता वाळतो. त्यातून ओल हळूहळू झिरपते, आणि थिनरचा बोळा फिरवला तर कित्येकदा तो पुन्हा विरघळतो. इपॉक्सीचे तसे नाही. त्याचे दोन डबे असतात, एकात राळ आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन घट्ट जाळे तयार होते. हे जाळे पत्र्याला घट्ट धरते, ओल अडवते आणि पुन्हा थिनरमध्ये विरघळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली या दोघा रसायनज्ञांनी 1930 आणि 1940 च्या दशकांत स्वतंत्रपणे या राळेवर काम केले. कास्तां यांचे काम दातांच्या कवळ्यांसाठी चालले होते. गाडीचा पत्रा त्यांच्या मनातही नसावा.

परंतु इपॉक्सी गंज खात नाही, तो फक्त वाट अडवतो. गंजावर दिला तर गंज आत कोंडला जातो आणि आतूनच पोखरत राहतो. कल्हईवाला भांडे तापवून नवसागराने लख्ख केल्याशिवाय कथलाला हात लावीत नाही. तीच शिस्त येथे हवी. पत्रा काचकागदाने चमकेपर्यंत घासावा, तेलकटपणा पुसून काढावा, आणि नंतर त्याला उघडा हातही लावू नये, कारण बोटांचा घाम पुरेसा असतो. आम्लयुक्त एच प्रायमर आधी दिला असेल, तर त्यावर इपॉक्सी देऊ नये. आम्लामुळे तो नीट पिकत नाही.

मिश्रणाचे प्रमाण डब्यावर छापलेले असते. कोठे एकास एक, कोठे चारास एक. ते मापाच्या भांड्यानेच घ्यावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवणे हा मोठाच गैरसमज आहे; त्याने थर कच्चा राहतो. थंडीत, दहा अंशांच्या खाली, ही क्रिया जवळजवळ थांबते. बंगळूरला तितकी थंडी क्वचितच. तेथे खरी अडचण संध्याकाळच्या पावसाची. हवेतील दव धरू लागलेल्या पत्र्यावर रंगकाम करू नये.

पुट्टी आधी की इपॉक्सी आधी, यावर दुकानादुकानांत वाद आहे. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती उघड्या लोखंडावर न बसवता इपॉक्सीच्या थरावर बसवणे अधिक सुरक्षित. मात्र त्या पुट्टीच्या उत्पादकाची सूचना आधी पाहावी. पुढचा थर देण्याची मुदत उलटून गेली, तर इपॉक्सी घासून खरखरीत करावा लागतो, नाहीतर वरचा थर सालीसारखा सुटतो. शिवाय उन्हात इपॉक्सी भुकटतो, म्हणून तो नुसता ठेवून चालत नाही.

आणि तो फवारणारा माणूस? इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर कातडीला लागत राहिले, तर काहींना अशी ॲलर्जी जडते की पुढे या मालाजवळ जाणेही अवघड होते, म्हणजे पोटाचा धंदाच सुटतो. वरच्या दोन-डबी रंगातील आयसोसायनेट दम्याला कारण ठरू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल यांतले काहीच अडवीत नाही; त्यासाठी योग्य मुखवटा, हातमोजे आणि खेळती हवा लागते. रंगकामाचा भाव ठरवताना हा खर्च मालकाने आपणहून धरावा.

काम संपल्यावर, गाडी ताब्यात घेण्यापूर्वी, दाराच्या खालच्या कडेची आणि काचेखालच्या पन्हळीची छिद्रे रंगाने बुजलेली नाहीत ना, हे थोडे पाणी ओतून पाहावे. पाणी अडले, तर रंगाऱ्याला तिथल्या तिथे ती मोकळी करायला सांगावीत.