अंथरूण पाहून देशाटन



आजच्या विषयाचे नाव फळ्यावर वाचून काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते आम्ही पाहिले. त्यात त्यांचा दोष नाही. आटगावच्या माणसाने परदेशात सहा-सहा महिने हिंडायचे, आणि तेही तुटपुंज्या पैशांत, हे ऐकून हसू यायचेच. आपल्या शेजारच्या तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे, आणि त्याच्यामागून आपली माणसेही रोज लोकलने तिकडे जातात. प्रवास म्हणजे कामावर जाणे आणि रात्री परत येणे, एवढाच अर्थ आपल्याकडे उरला आहे. परंतु याच गावाजवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो. रस्त्याला फक्त नाशिकपर्यंतच जावे असे कोणी सांगितलेले नाही.

गरिबाने लांबचा प्रवास करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा होती. पण वाटेत बंड पेटले. झाशीला ते वेढ्यात सापडले, लुटले गेले. शेवटी घरी आले ते गंगेची कावड घेऊन. कर्ज फेडण्याचा बेत फसला. पण त्या प्रवासाने मराठीला ‘माझा प्रवास’ हे पुस्तक दिले, आणि ते १९०७ साली छापले गेले. मिळवायला गेले एक आणि हाती आले भलतेच, असे प्रवासात नेहमी घडते. म्हणूनच कर्ज डोक्यावर घेऊन प्रवासाला निघू नये, असे आम्हांस वाटते. का, ते पुढे सांगतो.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रदक्षिणेला निघाले. इराण, इराकचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे करीत १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईस परतले. पण परतले तिघेच — अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा. बाकीचे तिघे वाटेत निरनिराळ्या ठिकाणी वेगळे झाले. यातून आम्ही एवढेच घेतले की सोबत ही कायमची धरून चालू नये. निघण्यापूर्वीच ठरवावे की एकाला परत फिरावेसे वाटले तर दुसऱ्याने काय करायचे. आणि प्रत्येकाची पिशवी वेगळी असावी.

तिसरे उदाहरण तर विलक्षण आहे. १९६२ साली सतीशकुमार आणि मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले आणि मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले. निघताना विनोबांनी त्यांना सांगितले, खिशात पैसा ठेवू नका. पैसा नसला म्हणजे माणसाला दुसऱ्याचे दार ठोठवावेच लागते, आणि दार उघडले की ओळख होते. हे विनोबाही पेण तालुक्यातल्याच गागोद्याचे. सगळ्यांनी असे निघावे असे आम्ही म्हणणार नाही. पैसा त्यांनी सोडला; पण पारपत्र आणि परवाने त्यांनाही लागलेच!

आता थोडे आमच्या फजितीविषयी. आम्ही आणि आमचा एक मित्र असे दोघे काही वर्षांपूर्वी नेपाळ, थायलंड, लाओस, व्हिएतनाम असा बेत करून निघालो. हिशेब सोपा केला होता: दरडोई दीड लाख रुपये, रोजचे हजार, म्हणजे दीडशे दिवस. ऐंशीव्या दिवशी आम्ही घरी होतो. उधळपट्टी केली म्हणावे, तर राहणे-जेवणे रोज नऊशेतच भागत होते. त्याचे झाले बहात्तर हजार. मग बाकीचे गेले कोठे? घरी येऊन वही काढली. येण्याजाण्याची तिकिटे, बस, आगगाड्या आणि होड्या यांना पन्नास हजार. परवाने, त्यांची शुल्के आणि मुदतवाढ यांना चौदा हजार. आणि एका तापाने दवाखान्यात चौदा हजार. ऐंशी दिवसांत आम्ही एकतीस गावे पाहिली होती. खरे सांगायचे तर त्यांतली वीस आता आठवतही नाहीत.

तेव्हापासून आमचा पहिला नियम असा की प्रवासात महाग असते ते हलणे. थांबणे स्वस्त असते. एका गावी पंधरा दिवस राहिले की खोलीचे भाडे उतरते, स्वस्त खानावळ सापडते, भाजीवाली ओळखू लागते. नकाशावर बोट फिरवताना जी गावे ठरतील त्यांतली निम्मी तेथेच खोडावीत.

दुसरा नियम कागदपत्रांचा. पारपत्राची मुदत प्रवासानंतरही सहा महिने उरावी. पुष्कळ देश याखेरीज आत घेत नाहीत. युरोपातल्या शेंगेन देशांचा परवाना हवा असेल तर खर्चापुरत्या पैशांचा पुरावा आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जायचे तर त्याची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी आणि दाखला जपावा. तो नसला तर परत येताना आपलेच सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकते. नेपाळला मात्र आपल्याला परवान्याची दगदग नाही. म्हणून पहिला प्रवास तिकडे करावा. पोहायला विहिरीत शिकावे, समुद्रात नव्हे.

निवाऱ्याचे म्हणाल, तर १९०९ साली जर्मनीत रिचर्ड शिरमान हे शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला गेले असता वादळात सापडले आणि एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्यांत तरुण पांथस्थ का उतरू नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. त्यातूनच तरुणांच्या वसतिगृहांची चळवळ जगभर पसरली. एका खोलीत आठ खाटा, सामायिक चूल, आपले भांडे आपण घासायचे. दिंडीत ज्याने राहुटीत पाठ टेकली आहे आणि भिशीत आपला वाटा घालून पंगतीत जेवण घेतले आहे, त्याला यात नवे काय वाटणार?

तिसरा नियम काळाचा. शेतकरी घरच्या मुलाने भाताची झोडणी उरकून निघावे आणि पेरणीपूर्वी यावे. चार-पाच महिने मिळतात. तेवढे पुष्कळ झाले. घरचा राब भाजायला कोण, हे मात्र निघण्याआधी ठरवून जावे.

चौथा नियम पैशांचा. जमलेल्या रकमेतून परतीचे भाडे आणि एका आजारपणाचा खर्च आधी बाजूला काढावा, आणि तो नाहीच असे समजावे. उरलेल्या रकमेत जेवढे दिवस बसतील तेवढाच प्रवास. अंथरूण पाहून पाय पसरावे, ते याच अर्थाने.

आणि कर्जाविषयी बोलायचे राहिले. आमच्या मित्राच्या दीड लाखांत पन्नास हजार उसने होते. परदेशात प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा चेहरा उतरे. देऊळ समोर असायचे, नदी समोर असायची. त्याला दिसायचा हप्ता. तेव्हा आम्हांस आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची माणसे आठवली. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे संसार डोक्यावर घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. तीही घर सोडून महिनोन् महिने दूर राहतात, तीही कमीत कमी सामानात. परंतु त्यांनी उचल घेतलेली असते. उचल फिटेपर्यंत परतीची तारीख त्यांच्या हातात नसते. पोरांची शाळा बुडते ती वेगळीच. त्या जाण्याला आपण प्रवास म्हणत नाही. आम्ही मात्र त्या दिवसापासून प्रवासाची व्याख्या अशी करतो: ज्याच्या परतीची तारीख आपण स्वतः ठरवतो, तो प्रवास. मग तो सातासमुद्रापार असो की शेजारच्या जिल्ह्यात.

म्हणून येथे बसलेल्या आईबापांना आमची एक विनंती आहे. मुलगा असो वा मुलगी, ‘मला जग पाहायचे आहे’ असे तिने म्हटले तर हसू नका आणि घाबरूही नका. तिच्यापुढे एक वही ठेवा. एका पानावर पैसे, एका पानावर कागदपत्रे, एका पानावर परतीची तारीख लिहायला सांगा. वही भरली, तर जाऊ द्या. नाही भरली, तर पुढच्या सुगीपर्यंत थांबायला सांगा. रस्ता कोठे जात नाही.

कसाऱ्याकडची शेवटची गाडी चुकू नये म्हणून येथेच थांबतो.