गाबोळी, संप्रेरके आणि आपली मराठी



विज्ञानातली गोष्ट सांगताना शब्द चुकला की समजही चुकते. याचे एक उदाहरण आपल्या ताटातल्या माशांचेच आहे.

पीव्हीसी मऊ व्हावे म्हणून त्यात थॅलेट मिसळतात. ही द्रव्ये प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसल्याने हळूहळू पाण्यात झिरपतात. काही प्लास्टिकांतून बिस्फेनॉल-एही झिरपते. ते स्त्री-संप्रेरकासारखे वागते, हे एडवर्ड डॉड्स यांनी १९३६ मध्येच दाखवले होते.

माशाच्या शरीरात काय घडते? मादीच्या रक्तातले इस्ट्रोजेन यकृताला खूण करते. यकृत व्हिटेलोजेनिन नावाचे प्रथिन बनवते, ते रक्तावाटे अंडाशयात जाते आणि अंड्यांचा बलक होतो. आपण आवडीने खातो ती गाबोळी अशी भरते. या प्रथिनाची जनुके नरातही असतात, पण एरवी ती निजलेली असतात. बिस्फेनॉल-एसारखे द्रव्य इस्ट्रोजेनच्या जागी बसले, की नराचे यकृतही बलकाचे प्रथिन तयार करू लागते. इंग्लंडमध्ये सांडपाणी सोडलेल्या नद्यांतल्या नर माशांच्या वृषणांत अंडपेशी आढळल्या. तिथे मुख्य दोष सांडपाण्यातल्या संप्रेरकांचा होता. काही ठिकाणी कारखान्यांतल्या नोनिलफेनॉलचाही होता. हेच नोनिलफेनॉल काही प्लास्टिकांतूनही झिरपते.

यावर ‘नर मासे मादी झाले’ असा मथळा दिला, की घोटाळा होतो. आपला चोणक निसर्गतःच आधी नर असतो आणि वाढत्या वयात मादी होतो. तो त्याचा जीवनक्रम आहे, विकार नव्हे. नदीतल्या त्या नराचे तसे नाही. तो पुरता मादी होत नाही आणि त्याची प्रजननक्षमता मात्र घटू शकते. शिवाय प्रयोगशाळेतली मात्रा नदीतल्या मात्रेपेक्षा पुष्कळदा जास्त असते, हेही सांगायला हवे. भीती घालणे सोपे असते. नेमके सांगायला भाषा लागते.

अशा द्रव्यांना आपण ‘अंतःस्रावी व्यत्ययकारक’ म्हणतो. पाठ्यपुस्तकात हा शब्द चालेल. पण मासळीबाजारात बसणाऱ्या बाईला ‘शरीराला खोटी खूण करणारी द्रव्ये’ हे लगेच कळेल, आणि खाडीत काय सोडले जाते, हे विचारण्याचा पहिला हक्क तिचा आहे. विद्यार्थ्यांनी परिभाषा जरूर शिकावी. मात्र प्रत्येक पारिभाषिक शब्दाशेजारी तिला कळेल असे एक वाक्य लिहिण्याची सवय आपण शिक्षकांनी त्यांना लावावी, एवढीच विनंती.