तोंड दाखवण्याआधी हात

(रेडिओवरील भाषण)



दुपारचे चार वाजले की वॉर्डाचं दार उघडतं. वॉचमन पास बघतो. पास एकाचा आणि आत शिरतात पाच जण. हातात मोसंब्यांची पिशवी, काखेत शहाळं. तीस वर्षं मी सिस्टर म्हणून वॉर्डात काढली, हे दृश्य डोळे मिटले तरी दिसतं. "अहो, एवढे सगळे कुठे निघालात?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो सिस्टर, नुसतं तोंड दाखवून येतो."

आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपल्याकडे नात्याची रीत आहे. गेलं नाही तर पुढच्या लग्नापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. रीत चांगलीच आहे. आपलं माणूस दारात दिसलं की पेशंट उठून बसायला बघतो, हे मी रोज पाहिलंय. पण तोंड दाखवण्याआधी एक काम असतं, ते हातांचं.

१८४७ साली व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाईस नावाचे डॉक्टर होते. बाळंतिणी तापाने भराभर दगावत होत्या. सेमेलवाईसांच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करणारे डॉक्टर तिथून थेट बाळंतिणीला तपासायला येतात. त्यांनी सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. रोगजंतूंचं शास्त्र अजून यायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. डॉक्टरांच्या हातांची ही कथा, तर एसटीचा दांडा धरून आलेल्या आपल्या हातांचं काय सांगावं!

तेव्हा हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवा. नुसते तळवे नाहीत. अंगठे, नखं आणि बोटांच्या बेचक्यासुद्धा. लोक अंगठा हमखास विसरतात. सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. मात्र हात मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील, तर साबण आणि पाणीच हवं. आणि हे दोनदा करायचं: आत जाताना पेशंटसाठी, बाहेर पडताना घरच्यांसाठी.

आपल्यालाच सर्दी, खोकला, ताप असेल तर जाऊ नका, फोन करा. जुलाब-उलट्या थांबल्यावरही दोन दिवस थांबा. घरात कुणाला गोवर किंवा कांजिण्या असतील तर आधी सिस्टरना विचारा. गोवराचे विषाणू रोगी खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. केमोथेरपी चालू असलेल्या पेशंटची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. आपल्याला साधी वाटणारी सर्दी त्याला महागात पडते. बाळंतिणीकडे गेलात तर बाळाचा पापा घेऊ नका. लांबून पाहिलं म्हणून माया पातळ होत नाही.

आता शहाळ्याचं सांगते. आमच्या वॉर्डात एक काका होते, डायलिसिसवर. पाणीसुद्धा मोजून द्यायचं. एका संध्याकाळी बघते तर लॉकरवर तीन शहाळी, आणि एकात स्ट्रॉ खोचलेली. गावाकडची मंडळी प्रेमाने घेऊन आली होती, "अशक्तपणा आलाय ना, थंडावा वाटेल." शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. निकामी झालेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावर बेततं. काकांनी दोनच घोट घेतले होते, म्हणून निभावलं. त्या मंडळींचे चेहरे मला अजून आठवतात. कुणाला ओरडावं? प्रेमच होतं ते. म्हणून सांगते, फळ असो, डबा असो की घरचा काढा, आधी सिस्टरना दाखवा.

पेशंटच्या खाटेवर बसू नका. सलाईन थांबलेलं दिसलं तर कळ फिरवू नका, हाक मारा. प्रसाद-अंगारा आणलात तर मनाई नाही, पण ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेपाशी उदबत्ती किंवा निरांजन नको. तिथे एक ठिणगीसुद्धा भडका उडवते. आणि हो, "आमच्या साडूंनाही अगदी हेच झालं होतं," ही गोष्ट कृपा करून घरीच ठेवून या. साडूंचं पुढे काय झालं, ते पेशंट विचारतोच.

जाता जाता एका बाईंची आठवण. त्यांच्या शेजारच्या आजी आमच्याकडे दाखल होत्या, सोबतीला एकटी लेक, चार रात्री बाकावर काढलेली. या बाई वॉर्डात आल्याच नाहीत. खालच्या जिन्यापाशी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं, गरम भाजीभाकरी खायला घातली, मळक्या कपड्यांची पिशवी स्वतःकडे घेतली आणि म्हणाल्या, "घरी जा, अंघोळ कर, दोन तास झोप. सिस्टरना सांगून ठेव, काही लागलं तर मी इथेच आहे." लेक परत येईपर्यंत त्या त्याच पायरीवर बसून होत्या. आजींना पत्ताही नव्हता.

तोंड दाखवायला त्या आल्याच नव्हत्या.