परवलीचा शब्द आणि त्याची पारख

प्राणहिता जेथें गोदावरीस मिळते, तेथून जवळच वसलेलें सिरोंचा हें गडचिरोली जिल्ह्याच्या अगदीं दक्षिण टोकाचें गांव. तेथील एखाद्या कारकुनानें कचेरींतील संगणकास गांवाचेंच नांव परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, म्हणून दिलें, तर इतक्या आडबाजूचें नांव कोण ओळखणार, असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. रोमन लिपींत या नांवाचीं अक्षरें आठ होतात. आणि तसल्या आठ लहान अक्षरांच्या जुळण्या सुमारें २०,८८२ कोटी! परंतु चोर त्या धुंडाळीत बसत नाहीं. तो गांवांच्या, नद्यांच्या, देवांच्या व माणसांच्या नांवांची यादी यंत्रापुढें ठेवतो. तींत सिरोंचा ही एक ओळ असते, प्राणहिता ही दुसरी. शेवटीं १२३ जोडण्याची युक्तीहि यंत्रास आधींच शिकविलेली असते. श्रोत्यांनीं या ठिकाणीं आपापल्या घरचे शब्द मनांत आठवून पाहावे.

हाच डाव मालकाच्या संमतीनें खेळणें हा पेनिट्रेशन टेस्टिंगचा, म्हणजे शिरकावाच्या चांचणीचा, एक मुख्य भाग होय. नीट रचलेल्या व्यवस्थेंत मूळ शब्द सांठविलेला नसतो. तो दळून त्याचें पीठ तेवढें जपलेलें असतें. पिठाचा दाणा पुन्हा होत नाहीं. म्हणून तें पीठ हातीं आलें, कीं तपासनीस यादींतील एकेक शब्द त्याच जात्यांतून काढतो आणि पिठाशीं पीठ ताडून पाहतो. दारावर चार चुकांनंतर अडसर पडत असेल, तर तो एकाच्याच मागें लागत नाहीं. एकच सोपा शब्द तो कचेरींतील प्रत्येकाच्या नांवापुढें एकेकदां लावतो. एखादा आळशी निघाला तरी पुरे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं अशा ३,२८९ शब्दांची पारख प्रसिद्ध केली. त्यांतील २,८३१, म्हणजे शेंकडा ८६ शब्द, फार तोकडे तरी होते किंवा कोशांत व नांवांच्या याद्यांत सांपडले तरी. पुढें नऊ वर्षांनीं, नोव्हेंबर १९८८ मध्यें, याच मॉरिसांच्या मुलानें सोडलेल्या आज्ञावलीनें हजारों संगणक अडवून धरले. तिच्या अनेक हत्यारांपैकीं एक होतें ४३२ शब्दांची यादी. मुलाला न्यायालयानें १९९० सालीं ३ वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा व १०,०५० डॉलर दंड सुनावला. यादी बापापाशींहि होती. मुलापाशीं परवानगी नव्हती. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ४३ वें कलमहि मालकाच्या परवानगीवरच बोट ठेवतें. म्हणून जाणता तपासनीस कोणतें यंत्र, किती दिवस आणि कशास हात लावावयाचा नाहीं, हें आधीं लेखी घेतो.

अहवालांत त्या कारकुनाचें नांव झळकविण्याचें कारण नाहीं. त्याला एकमेकांशीं संबंध नसलेल्या चार-पांच शब्दांची लांब ओळ सुचवावी, व ती दुसऱ्या कोठेंहि न वापरण्यास सांगावें. मोबाइलवर येणाऱ्या आंकड्यांची दुसरी कडी असावीच. परंतु रानांतल्या गांवीं रेंज गेली, कीं तो आंकडा येत नाहीं, आणि कामकाज अडूं नये म्हणून कोणी तरी ती कडी काढून ठेवतो. चांचणी करणारानें तेथेंहि पाहून यावें.