तबकड्यांची पेटी



कामगारांच्या सभेत बोलणाऱ्या माणसाला गाण्यावर बोलायला उभे करणे, हे चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. आम्ही गवई नाही. आमचे शिक्षण लोकांनी टाकून दिलेल्या पुस्तकांवर झाले आणि गाणेही तसेच, दुसऱ्यांच्या तबकड्यांवर ऐकले. तेव्हा बोलायचे ते गाणे साठवण्याविषयी.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच बाई इंग्रजीत आपले नाव सांगत. पुष्कळांना ती मिजास वाटते. खरे कारण असे की, मूळ ठसे छपाईला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिराला गाणारे कोण हे कळावे लागे. म्हणजे ती घोषणा रसिकांसाठी नव्हती, कारखान्यातल्या माणसासाठी होती! साथीच्या सारंगियाचे नाव मात्र लेबलवर बहुधा नसेच; आमच्या धंद्यातल्या माणसाला ते खटकणारच.

तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल बसवायचा, हे सर्वांना मानवले नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले, भास्करबुवा बखले १९२२ साली; दोघांचेही गाणे आज कुणाला ऐकता येत नाही. शिष्य सांगतील ते खरे मानायचे. उलट अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ साली गेले, तरी त्यांचा आवाज आपण आजही ऐकतो. फरक काय तो त्या लाखेच्या, काजळीच्या आणि दगडाच्या भुकटीच्या तबकडीचा.

आमच्या संघटनेचे एक जुने सभासद गिरणीत साचेवाले होते. एल.पी. आल्यावर जुन्या ७८ च्या तबकड्या चोरबाजारात मातीमोलाने विकल्या जात. दिवाळीच्या बोनसातून ते त्या घेत. १९८२ च्या संपात घरातली तांब्यापितळेची भांडी गेली, पेटी गेली नाही. त्यावरून घरात काय बोलणी झाली, ते त्यांनीच आम्हांला हसत सांगितले होते. ते वारल्यावर खोलीत जागा नाही म्हणून मुलाने पेटी कचेरीत आणून दिली. १४० तबकड्या होत्या.

आणि इथे आम्ही शहाणपणा केला. एका होतकरू मुलाकडून सगळे गाणे संगणकावर चढवून घेतले, आणि आता पेटी कशाला जागा अडवते म्हणून ती भंगारवाल्याला दिली. तीन वर्षांनी संगणकाची डिस्क बंद पडली. एका सभासदाच्या मुलीने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलेली ३७ गाणी तेवढी राहिली. पुढे तो साचेवाल्यांचा मुलगा आला. वडील दर रविवारी सकाळी लावायचे ती एक तबकडी ऐकायला मिळेल का, म्हणाला. ती त्या ३७ मध्ये नव्हती.

जी राहिली त्यांतली एक आम्ही एका संगीतशिक्षकांना ऐकवली. ते म्हणाले, "हे बुवा काळी एकमध्ये गात, इथे पांढरी दोनला कसे गेले?" जुन्या काळी सगळ्याच तबकड्या मिनिटाला नेमके ७८ फेरे घेत नसत. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली ७८ वर वाजवली की षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, लय धावते, आवाज बारीक होतो. वेग संगणकावर उतरवता येतो. तो आम्ही उतरवला. पण आमच्या मुलाने सुई एल.पी.ची लावली होती, आणि ७८ च्या खाचेला तिच्या सुमारे तिप्पट जाड सुई लागते. शिवाय जागा वाचावी म्हणून गाणे एम.पी.थ्रीमध्ये आवळले होते. सीडीच्या दर्जाने सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतली, तर तीन मिनिटांना सुमारे ३० मेगाबाइट लागतात. आमची फाइल तीनची होती. जे गाळले गेले ते परत आणायला तबकडीच पाहिजे, आणि ती भंगारात गेली.

कुणी म्हणेल, आता महिन्याचे पैसे भरले की फोनवर सगळे गाणे मिळते. मिळते, आम्हीही ऐकतो. पण ती भाड्याची खोली आहे. मालक केव्हा कुठले दार बंद करील याचा नेम नाही. गिरणगावातल्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

मुंबईत १९९० साली संग्राहकांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली, तिच्यामुळे पुष्कळ काही वाचले. कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. तेव्हा त्या जुन्या मुद्रणांच्या प्रती करायला भिण्याचे कारण नाही. प्रत न आवळता करावी आणि तीन निरनिराळ्या घरी ठेवावी. तबकड्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, पावसाळ्यात ओल लागू देऊ नये, आणि प्रत झाली तरी त्या टाकू नयेत.

इथे जमलेल्यांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्हांला भेटा. आम्ही वही घेऊन दाराशी बसणार आहोत. पेटी नको, ती तुमच्याच घरी राहू द्या. तबकड्यांवरचे नंबर तेवढे लिहून घेऊ.