खरा आकडा सांगितल्यावर

तिजोरीत खडखडाट आहे हे सरकारनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, की पुढे त्याचं काय होतं? ग्रीसमध्ये जे झालं ते सविस्तर सांगतो.

४ ऑक्टोबर २००९ रोजी पासोक पक्षाचे जॉर्ज पापांद्रेऊ निवडणूक जिंकले. ‘पैसे आहेत’, असं त्यांनी प्रचारात ठणकावून सांगितलं होतं. महिना उलटायच्या आत त्यांच्याच अर्थमंत्र्यांनी युरोपला कळवलं, की यंदाची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेबारा टक्क्यांवर जाईल. आधीच्या न्यू डेमोक्रसी सरकारनं त्याच वर्षी हा आकडा ३.७ टक्के दिला होता!

सावकारांनी व्याज चढवलं. २३ एप्रिल २०१० रोजी पापांद्रेऊ कास्तेलोरिझो या चिमुकल्या बेटावर, बंदराच्या काठाशी उभे राहिले आणि आता बाहेरून मदत घेण्यावाचून गत्यंतर नाही, असं त्यांनी टीव्हीवरून देशाला सांगितलं. ११० अब्ज युरोंचं कर्ज ठरलं. त्याच्या अटी घरोघरी पोचल्या. तिथल्या सरकारी नोकराला वर्षाला चौदा पगार मिळत. तेरावा नाताळला, चौदावा निम्मा ईस्टरला आणि निम्मा उन्हाळी सुट्टीला. त्यांवर कुऱ्हाड आली, पेन्शनला कात्री लागली. ५ मे रोजी अथेन्समध्ये मोर्चाच्या वेळी एका बँकेच्या शाखेला आग लावली गेली. आतले तीन कर्मचारी गेले. त्यांतली एक गरोदर होती.

२००९ मध्ये पासोकला जवळजवळ ४४ टक्के मतं होती, मे २०१२ मध्ये १३. पापांद्रेऊ त्याआधीच पायउतार झाले होते. आणि जून २०१२ मध्ये सरकार कुणी बनवलं? न्यू डेमोक्रसीनं. ज्यांच्या कारकिर्दीत तूट झाकली गेली, त्यांनीच.

मी मतदारांना दोष देत नाही. ‘पैसे आहेत’ म्हणणाऱ्यानं वर्षाच्या आत पगार कापला, तर माणसं चिडणारच. पण निवडणुकीआधी खरं बोलणाऱ्याला आपण मत दिलं असतं का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

पापांद्रेऊ राजकारणी होते, हार-जीत त्यांच्या धंद्यातलीच. मला खरी चीड येते ती आंद्रेआस जॉर्जिऊ यांच्या वाट्याला जे आलं त्याची. हे गृहस्थ २०१० मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख झाले. नीट हिशेब मांडल्यावर २००९ ची तूट १५.४ टक्के निघाली. युरोपच्या सांख्यिकी कार्यालयानं ती मान्य केली. मायदेशात मात्र तूट मुद्दाम फुगवून देशाचं नुकसान केल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या मागे लागल्या. अखेर २०१७ मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. कारण काय, तर आकडा प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांनी संचालक मंडळाची मंजुरी घेतली नाही! तूट किती, हे हिशेबानं ठरतं. त्यावर मंडळाचं मत घ्यायचं नसतं, एवढंच जॉर्जिऊ म्हणत होते.